खाड्याचे पैसे कोण देणार?

गेल्या मे महिन्यात मी आजोळी गेले होते, गडहिंग्लज तालुक्यात. दुपारची वेळ. सोप्यात टीव्ही चालू होता आणि माझा मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून बघत बसला होता. पडद्यावर कसलासा परदेशी खेळ. दांडगे, मानेत आखूड, खांद्याला रुंद असे लोक लांबुळका चेंडू पोटाशी धरून सरळ समोरच्यांच्या अंगावर धावत होते. समोरचे तिघे मिळून त्याला खाली पाडत होते. तो उठत होता आणि पुन्हा तेच. मामी आतून चहा घेऊन आली, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "ह्ये तर आपली कबड्डीच की रं! नुस्ता चेंडू जास्तीचा हाय."

तो खेळ होता रग्बी लीग. आणि मामी बोलून गेली ते फार चुकीचं नव्हतं.

दादा स्वतः कबड्डी खेळायचा. डावा कोपरा. घोटा पकडण्यात पटाईत. तालुक्यातल्या, जिल्ह्यातल्या खुल्या स्पर्धांमध्ये त्याला आवर्जून बोलावणं यायचं. दोन वर्षांपूर्वी अशाच एका स्पर्धेत चढाई करणारा त्याच्या गुडघ्यावर आडवा कोसळला आणि आतला स्नायुबंध तुटला. ऑपरेशनचा खर्च मामानं केला. दादा ज्या कारखान्यात रोजावर जायचा तिथे तीन महिन्यांचे खाडे लागले. भरपाई कुणीच दिली नाही, कारण द्यायची कुणी हेच ठरलेलं नव्हतं. त्या दुपारी मामा एवढंच म्हणाला, "खेळ लई चांगला गं, पर खाड्याचं पैसं कोण देणार?"

बडोद्याला परत आल्यावर कुतूहल म्हणून मी त्या परदेशी खेळाविषयी वाचायला घेतलं. तर काय! तो अख्खा खेळ जन्मालाच मामाच्या या प्रश्नातून आलेला निघाला. म्हणून हा लेख.

पुढच्या फळीतला माणूस

आधी खेळ समजून घेऊ. रग्बीचे दोन मोठे प्रकार आहेत. पंधरा जणांचा रग्बी युनियन आणि तेरा जणांचा रग्बी लीग. आपण दुसऱ्याबद्दल बोलतोय. मैदान साधारण १०० मीटर लांब, सामना ८० मिनिटांचा. चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा. चेंडू पुढे फेकायचा नाही, फक्त मागे किंवा बाजूला. चेंडूवाल्याला समोरच्यांनी पाडलं की ती एक पकड झाली. तो उठतो, चेंडू पायाने मागे सरकवतो आणि खेळ पुढे चालू. अशा सहा पकडी झाल्या की चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो.

तेरापैकी सहा जण 'फॉरवर्ड'. नाव पुढारल्यासारखं वाटतं, पण काम हमालीचं. आपला संघ स्वतःच्या टोकाला अडकलेला असतो तेव्हा चेंडू घेऊन थेट तीन माणसांच्या भिंतीवर धडकायचं आणि आठ-दहा मीटर जागा कमवायची, हे त्याचं पहिलं काम. समोरचा संघ तेच करतो तेव्हा त्याला पाडायचं, हे दुसरं. प्रत्येक पकडीनंतर बचाव करणाऱ्यांनी दहा मीटर मागे पळायचं आणि पुन्हा पुढे यायचं. एका सामन्यात एकेक फॉरवर्ड तीस-चाळीस पकडी करतो. मग कमावलेल्या जागेवर कडेचा एखादा चपळ गडी वाऱ्यासारखा पळतो, गुण मिळवतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो त्याचा येतो.

आता हेच कबड्डीला लावून बघा. चढाई करणाऱ्याच्या नावावर एका दमात दोन-तीन गुण लागतात. पकड करणाऱ्याला बहुतेक वेळा एकच गुण मिळतो, आणि तोही ज्याने आधी हात घातला त्याला. साखळीतला जोडीदार धावून येऊन कमरेला मिठी मारतो, चढाईवाल्याला मध्यरेषेपासून ओढून आणतो, त्याचं नाव गुणफलकावर कुठेच नसतं. पण तो आला नसता तर पकड झालीच नसती. दादा म्हणतो, "कोपऱ्यातल्याचं कौतुक कोपऱ्यातच ऱ्हातंय."

एका खाड्यावरून दुफळी

रग्बी हा मुळात इंग्लंडमधल्या बड्या शाळांचा खेळ. १८७१ मध्ये त्याची मध्यवर्ती संघटना लंडनला स्थापन झाली. तिचा कणा म्हणजे जमीनदार, वकील, डॉक्टर यांची मुलं. त्यांचं तत्त्व एक: खेळ हौसेसाठी, पैसा घेतला की खेळ बाटला.

पण तोवर खेळ उत्तरेला यॉर्कशायर, लँकेशायरमध्ये पोचला होता, कापडगिरण्या आणि कोळशाच्या खाणींच्या मुलखात. तिथले खेळाडू गिरणीकामगार, खाणकामगार, गोदीवाले. शनिवारीही अर्धा दिवस काम असे. सामना लांबच्या गावी असला की तो अर्धा दिवस बुडायचा आणि मजुरी कापली जायची. हात मोडला तर आठवडेच्या आठवडे चूल बंद. म्हणून उत्तरेच्या क्लबांनी मागणी केली की खेळाडूला पगार नको, निदान बुडालेल्या वेळेची भरपाई तरी देऊ द्या. आपल्या भाषेत सांगायचं तर खाड्याचे पैसे.

१८९३ मध्ये लंडनच्या सभेत हा ठराव फेटाळला गेला. दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ रोजी, हडर्सफील्ड गावातल्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब जमले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. खाड्याची भरपाई ठरली दिवसाला जास्तीत जास्त सहा शिलिंग. १८९८ मध्ये उघडपणे मानधन द्यायला परवानगी मिळाली, पण अट अशी की खेळाडूला दुसरी नोकरी असलीच पाहिजे. नुसत्या खेळावर जगायचं नाही! पुढे प्रेक्षक यावेत म्हणून खेळ वेगवान करायला १९०६ मध्ये पंधराचे तेरा खेळाडू झाले, नियम बदलले आणि रग्बी लीग हा स्वतंत्र खेळ तयार झाला. जुन्या संघटनेने या लोकांना वाळीत टाकलं. लीगच्या मैदानात जो उतरला त्याला युनियनचे दरवाजे बंद. शेवटी त्या संघटनेच्या खेळातही पैसा अधिकृत झाला, पण त्यासाठी १९९५ साल उजाडावं लागलं. म्हणजे बरोबर शंभर वर्षं!

'पैशाने खेळ बाटतो' हे वाक्य आपणही ऐकतो. मला आता वाटतं, ते म्हणणाऱ्याला आधी विचारावं, एक दिवस कामावर गेला नाहीत तर तुमच्या घरी काय होतं?

बडोद्यात छापलेले नियम

आता आपल्या गावाकडे येऊ. आपल्यापैकी अनेकांना माहीत नसेल (मलाही नव्हतं) की कबड्डीच्या इतिहासात बडोद्याचं नाव ठळक आहे. तेव्हा या खेळाला हुतूतू म्हणत आणि गावागणिक त्याचे नियम वेगळे असत. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस नियम बसवायला सुरुवात केली. मग १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने सुधारलेले नियम प्रसिद्ध केले आणि त्यांनुसार अखिल भारतीय सामने भरवले. सयाजीराव महाराजांचा काळ. प्रोफेसर माणिकराव यांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात तेव्हा शेकडो मुलं घडत होती. व्यायामाला, आखाड्याला, खेळाला इथे मान होता.

त्यानंतर १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिथे या खेळाचं प्रात्यक्षिक दाखवलं. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी आली आणि भारताला सुवर्ण मिळालं. महाराष्ट्रात ज्यांना कबड्डीमहर्षी म्हणतात त्या शंकरराव तथा बुवा साळवी यांचा जन्मदिवस, १५ जुलै, कबड्डीदिन म्हणून साजरा होतो.

मैदान किती लांब, दम कसा धरायचा, लोण केव्हा, सगळं लिहिलं गेलं. पण खेळाडूच्या पोटाचा नियम कुठल्याच पुस्तकात नव्हता. इथे संस्थानिकांचा आश्रय असे. क्रिकेटपटू विजय हजारे बडोदा संस्थानच्या नोकरीत होते, हे उदाहरण आपल्या घरचंच. पण आश्रय हा मोजक्यांना मिळतो. बाकीच्यांनी काय करायचं?

'व्यावसायिक' या शब्दाचा आपला अर्थ

बाकीच्यांना हात दिला तो नोकरीने. मुंबईच्या गिरणगावात, लालबाग, परळ, डिलाईल रोडच्या चाळींमधून कबड्डी फोफावली. पाळी संपवून आलेले कामगार संध्याकाळी, रात्री दिव्यांच्या उजेडात खेळत. लँकेशायरच्या गिरण्या आणि गिरणगाव, दोन्हीकडे कापूस, भोंगा आणि अंगाला भिडणारा खेळ. हा योगायोग नसावा. दिवसभर यंत्राशी झुंजणाऱ्याला अंगमेहनतीचा, कमी साहित्याचा, आपल्या वस्तीच्या नावाने खेळता येणारा खेळच जवळचा वाटतो. फरक एवढाच की तिथे क्लबांनी खाड्याचे पैसे दिले, इथे मालकांनी आणि सरकारी संस्थांनी खेळाडूलाच नोकरीत घेतलं.

म्हणून मुंबईच्या स्पर्धांत 'व्यावसायिक गट' म्हणजे काय, तर कंपन्या, बँका, रेल्वे यांचे संघ. महिंद्रा, भारत पेट्रोलियम, मध्य रेल्वे आणि पूर्वी देना बँक अशी नावं. खेळाडू हजेरीपटावर कर्मचारी असतो, सामन्याला सुट्टी मिळते, पगार चालू राहतो आणि गुडघा गेला तरी टेबल शिल्लक असतं. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षणही आहे. पिढ्यान्‌पिढ्या कबड्डीपटूच्या आईबापांनी खेळाला होकार दिला तो याच एका आशेवर: पोराला कुठंतरी चिकटता येईल.

चंदगडचा सिद्धार्थ

२०१४ च्या जुलैमध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि चित्र पालटलं. पहिल्या लिलावात सर्वांत महाग खेळाडू होता राकेश कुमार, १२ लाख ८० हजारांना. चारच वर्षांत, २०१८ मध्ये, बोली कोटीच्या वर गेली. आपला रिशांक देवाडिगा त्या वर्षी १ कोटी ११ लाखांना गेला.

पण रग्बीच्या फॉरवर्डच्या जवळ जाणारी कारकीर्द शोधायची तर मला सिद्धार्थ देसाई आठवतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा, म्हणजे आमच्या आजोळच्या शेजारचा. चढाईपटूच, पण खेळायची पद्धत धडक मारणाऱ्याची. उडी मारून निसटणं, हात लावून पळणं हे इतरांचं. सिद्धार्थचं वेगळं. पकडणारे अंगाला चिकटले तरी त्या सगळ्यांना घेऊन मध्यरेषा ओलांडायची. लोक त्याला 'बाहुबली' म्हणू लागले ते यामुळे. कबड्डीतली मध्यरेषा म्हणजे रग्बीतले ते आठ-दहा मीटर. तिथवर पोचायला अंगावर किती माणसं घ्यावी लागली हे गुणफलक सांगत नाही.

त्याच्या कारकिर्दीचे आकडे बघा. २०१८ मध्ये यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं. पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे २१८ गुण केले. २०१९ मध्ये तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख मोजले, त्या वर्षीची ती सर्वांत मोठी बोली होती. २०२१ च्या लिलावात त्याच संघाने १ कोटी ३० लाखांना त्याला राखलं. तो हंगाम दुखापतीने खाल्ला. २०२२ मध्ये तोच खेळाडू, तोच संघ, बोली २० लाख. २०२३ मध्ये हरियाणा स्टीलर्सने पुन्हा १ कोटी दिले आणि तो संघ अंतिम फेरीपर्यंत गेला. १ मार्च २०२४ च्या त्या सामन्यात समोर होती पुणेरी पलटण, कर्णधार अस्लम इनामदार, आपल्या नगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा. पलटण २८-२५ अशी जिंकली. त्यानंतरच्या लिलावात दबंग दिल्लीने सिद्धार्थला घेतलं, २६ लाखांना.

हे आकडे कुणाची कीव करण्यासाठी दिलेले नाहीत. २० लाखांवरून एका वर्षात पुन्हा कोटीवर येणं ही जिगर आहे. मला दाखवायचं ते एवढंच की लिलावातला भाव म्हणजे पगार नव्हे. तो एका हंगामाचा अंदाज असतो. गुडघा, खांदा, वय, मागच्या वर्षीचे गुण यांचा रोजचा बाजारभाव. बाजारात टोमॅटोचा भाव पडला तर शेतकऱ्याच्या मेहनतीत खोट नसते, तसंच हे.

आणि ही वरच्या टोकाची गोष्ट. २०२३ पासून 'अ' गटाची मूळ किंमत ३० लाख आणि 'ड' गटाची ९ लाख आहे. ज्याला कुणीच बोली लावत नाही त्याला शून्य. दादासारखे हजारो तर त्या यादीपर्यंतही पोचत नाहीत.

शरीराचा जमाखर्च

रग्बी लीगचा फॉरवर्ड वजनाने बहुधा शंभर किलोच्या आसपास किंवा वर. पुरुष कबड्डीपटूला ८५ किलोची मर्यादा. पण झीज सारखीच: खांदा निखळणं, बोटं मोडणं, घोटा आणि गुडघ्याचे स्नायुबंध. रग्बीत भर पडते ती डोक्याच्या माराची. ब्रिटनमधल्या काही माजी लीग खेळाडूंनी मेंदूच्या विकारांसाठी खेळाच्या संघटनेला कोर्टात खेचलं आहे. ज्या खेळाने खाड्याचे पैसे दिले त्यालाही वीस वर्षांनंतर येणाऱ्या दुखण्याचा हिशेब अजून जमलेला नाही.

ऑस्ट्रेलियाच्या आर्थर बीटसन यांची गोष्ट इथे सांगावीशी वाटते. क्वीन्सलँडमधल्या रोमा या छोट्या गावचा आदिवासी वंशाचा फॉरवर्ड. १९७३ मध्ये ते ऑस्ट्रेलियाच्या रग्बी लीग संघाचे कर्णधार झाले. कुठल्याही खेळात देशाचं कर्णधारपद मिळवणारे ते पहिले आदिवासी. १९८० मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी, कारकीर्द संपत आलेली असताना क्वीन्सलँडने त्यांना पहिल्या 'स्टेट ऑफ ओरिजिन' सामन्यात कर्णधार म्हणून उतरवलं आणि संघ २०-१० असा जिंकला. आज त्या राज्यात त्यांचं नाव आदराने घेतात. फॉरवर्डचंही नाव राहतं, मात्र त्यासाठी राखणारा समाज लागतो.

मुलींचं काय, हा प्रश्न तर मला विचारलाच पाहिजे. २०१२ मध्ये पाटण्याला भारताच्या मुलींनी पहिला विश्वचषक जिंकला. त्या संघात महाराष्ट्राच्या सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे होत्या. राज्य सरकारने प्रत्येकीला एक कोटीचं बक्षीस जाहीर केलं. छानच. पण बक्षीस एकदा मिळतं. मुलांच्या लीगबरोबर २०१६ मध्ये तीन संघांची मुलींची स्पर्धा झाली, ती पुढच्या हंगामात दिसली नाही. खाडे दोघांनाही पडतात, भरपाईची चर्चा मात्र अजून एकाचीच होते.

मामाच्या प्रश्नाचं उत्तर

तर मामा, तुमच्या प्रश्नाला जगाने आजवर तीन उत्तरं दिली. राजाने आश्रय द्यावा, मालकाने नोकरी द्यावी, किंवा बाजाराने भाव द्यावा. पहिलं उत्तर इतिहासजमा झालं. गिरण्या गेल्या, बँकांची भरती आटली, तसं दुसरंही आक्रसत चाललं आहे. तिसरं झगमगीत आहे, पण ते वर्षातले तीन महिने टिकतं आणि धडधाकट माणसालाच मिळतं.

मला चौथं सुचतं ते अगदी साधं आहे. जिथे बक्षिसाची रक्कम लावून खुली स्पर्धा भरते तिथे मांडव, लाऊडस्पीकर, पाहुण्यांचे फेटे यांच्या खर्चात आणखी एक ओळ वाढवायची: खेळाडूंचा अपघात विमा. डावीकडच्या कोपऱ्यातल्याचाही. आणि ज्याचा रोज बुडाला त्याच्या हातात निघताना तेवढे पैसे ठेवायचे. १८९५ च्या गिरणीकामगारांनी याहून जास्त काही मागितलं नव्हतं. १९२३ मध्ये बडोद्याला नियम छापता आले, तर हाही एक नियम छापता येईल की.

परवा दादाला फोन केला. गुडघा आता वाकतो, पण पकडीला बसण्याइतका नाही. तो कारखान्यात परत लागलाय. संध्याकाळी देवळामागच्या पटांगणावर पोरांना कोपरा शिकवतो. म्हटलं, "दादा, त्या मंडळाची स्पर्धा यंदा आहे का?"

"हाय की. मला पंच म्हणून बोलावलंय."

"मग जाणार?"

"जाणार. पर आधी इचारलंय त्यास्नी, पोरांचा इमा काढलासा का म्हणून."

"काय म्हणाले?"

"बघतो म्हणालेत," दादा म्हणाला. मग जरा थांबून, "मी बी बघतो."